दहा मिनिटं पालथी

आमच्या ऑफिसात पावसाळ्यात एक वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की ते आता बोटंच टाइप करतात, मी नुसती बघत बसते. 'पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.' मी खालापूरच्या तहसील कचेरीत कारकून आहे. जून ते सप्टेंबर या भागात धबधब्याखाली आणि नदीत मजा करायला माणसं येतात, आणि त्यातली काही परत जात नाहीत. त्यांचे अहवाल माझ्या टेबलावरून पुढे जातात. नाव, वय, राहणार कुठले, सोबत कोण होतं. मी पहिल्यांदा वय बघते. वीस, बावीस, चोवीस. मग माझी मुलगी या घडीला कुठे असेल ते आठवते आणि काही कारण नसताना तिला फोन लावते. "काय गं आई?" "काय नाय, जेवलीस का?" सकाळी साडेदहाला. कुणी बुडालं का, असं ती आता विचारतही नाही.

मुलगी तेवीस वर्षांची. तिला पोहायला घातलं तिच्या बापानं, ती पाचवीत असताना, मला न विचारता. हे कुंभिवलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. तिथल्या कुणा साहेबानं सांगितलं की मुलांना पोहता आलं पाहिजे. झालं, साहेब म्हणाला म्हणजे विषय संपला. ती शिकली, शाळेला ढाली आणून दिल्या, आणि बीएस्सी झाल्यावर खालापूरजवळच्या एका फार्महाऊसच्या स्विमिंग पूलमध्ये शहरातल्या मुलांना शिकवायला लागली. तिथवर मी सगळं गिळलं. चार फूट पाणी, कडेला धरायला गज, तळाला फरशी. मग मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी डबे भरत असताना तिनं सांगितलं, अंदमानातल्या एका केंद्रानं तिला कामाला बोलावलंय. लोकांना मास्क आणि नळी लावून समुद्रात उतरवायचं आणि खालचे मासे, पोवळी दाखवायची. फेब्रुवारीत रुजू व्हायचं.

"नाय," मी म्हटलं.

"ऐकून तरी घे."

"ऐकलं. नाय."

दोन दिवस आमच्या घरात भांडी जरा जोरात आदळली. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. भांडायला आलेली नव्हती, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"तू जन्मात एकदापण पाण्यात डोळे उघडून बगितलं नायस," ती म्हणाली. "न बगता नको म्हणतेस. दहा मिनिटं बग. मास्क लाव, नळी लाव, तोंड पाण्यात घाल. बरोबर दहा मिनिटं. मंग वर येऊन नको म्हण. मी नाय जाणार. आईशप्पत."

आईची शपथ आईसमोरच घ्यायची, ही आमच्या मुलीची हुशारी. पण ती शब्दाची पक्की आहे, एवढं मला माहीत होतं. दहा मिनिटं कशीबशी काढायची, वर यायचं, नको म्हणायचं आणि पोरगी घरात. मी हो म्हटलं. मला जिंकायचं होतं, हे इथंच सांगून टाकते. शिकायची हौस वगैरे काही नव्हती.

मला पोहता येतं, असं मी लोकांना सांगत आलेय. खरं म्हणजे मला न बुडता येतं. माहेरच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, आठ-नऊ वर्षांची असताना शिकले. डबा सुटला त्याच उन्हाळ्यात मी इकडच्या पायरीपासून तिकडच्या पायरीपर्यंत गेले, मुंडी वर ताणून, बेडकासारखी. पंधरा हात अंतर असेल. पुढच्या वर्षी "आता मोठी झालीस" म्हणून विहीर बंद झाली आणि माझं पोहणं त्या पंधरा हातांवरच थांबलं. त्या पोहण्यात आईनं शिकवलेला एकच नियम होता. तोंड पाण्यात घालायचं नाही. श्वास गेला तरी चालेल, तोंड वर.

हा नियम का, ते मला नंतर कळलं. दहा-अकरा वर्षांची असेन. माहेरच्या नदीवर गर्दी जमली होती म्हणून आम्ही मुली पळालो. पाण्यात एक माणूस पालथा होता. पाठीवर शर्ट फुगलेला, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि तो हळूहळू, अगदी सावकाश, वळत होता. पोहणारा माणूस आमच्याकडे पालथा कधीच दिसत नाही, त्याचं डोकं वर असतं, तो धापा टाकतो, शिव्या देतो. पालथं आणि गप्प जे तरंगतं, ते मेलेलं. हे आमच्या गावात लहान पोराला विचारलं तरी सांगेल. आणि माझ्या मुलीला वाटत होतं की मी तेच करावं, स्वतःहून, दहा मिनिटं.

पहिला धडा कपडे भिजवायच्या टबात झाला. मागच्या अंगणात पाट घेऊन बसले, मुलीनं मास्क चढवला. त्यात डोळ्यांबरोबर नाकही बंद होतं. श्वास फक्त तोंडानं, दातांत धरलेल्या नळीतून. माझ्या नाकाला हे मान्यच होईना. नाक बंद म्हणजे माणूस संपला, असं त्याचं मत. टबात तोंड घातलं की दोन सेकंदांत छाती भरून यायची आणि मी फटकन वर. केसांची एक बट मास्कच्या कडेत अडकली होती, तिथून पाणी आत आलं. मंगळसूत्र नळीत गुंतलं. ते काढून ठेव म्हणाली, तर मी नुसतं तिच्याकडे बघितलं. मग तिनं ते दोन वेढे देऊन कुर्त्याच्या आत पिनेनं टाचलं. तेवढ्यात रात्रपाळी करून हे आले. टबात डोकं घालून बसलेली बायको बघून दारातच थांबले.

"काय गं, उलटी होतेय का हिला?" मुलीला विचारलं. मी टबातूनच हात हलवून त्यांना आत जा म्हटलं.

टबात हसणं शक्य होतं. स्विमिंग पूलमध्ये माझं हसू गेलं.

फार्महाऊस सोमवारी रिकामं असायचं आणि तिथल्या राखणदाराची काही हरकत नव्हती. ऑफिस सुटल्यावर मी जायची. डिसेंबरचं पाणी, संध्याकाळचे साडेसहा. मुलीच्या सांगण्यावरून अंगाला चिकटणारे नायलॉनचे कपडे घेतले होते. त्या कपड्यांची लाज एका क्षणात विसरले, कारण पाण्यात पाय टाकला आणि दोन्ही हातांनी गज पकडला. चार फूट पाणी. उभी राहिले तर छातीपर्यंत. हे मला कळत होतं. माझ्या हातांना कळत नव्हतं. त्यांनी गज असा धरला होता की मुलीला एकेक बोट सोडवावं लागलं. एक सुटलं की दुसरं परत धरायचं.

ती चिडली नाही. मला वाटलं होतं चिडेल, मी तिला पाढे शिकवताना चिडायची तशी. "परत," एवढंच म्हणायची. "नाकानं नको, तोंडानं. परत." तिचं काम मी पहिल्यांदाच बघत होते. चांगलं करत होती. मी ते तिला सांगितलं नाही.

तोंड पाण्यात गेलं की सगळ्यात आधी ऐकू यायचा माझाच श्वास. खर्रर्र आत, फुस्स बाहेर. सासऱ्यांना शेवटच्या दिवसांत ऑक्सिजन लावला होता, त्या खोलीत असाच आवाज असायचा. बाहेरचं काहीच नाही, ना मुलीचं बोलणं, ना रस्त्यावरचे ट्रक. मी मोजायची, एक, दोन, तीन, आणि चारला वर. पुढच्या सोमवारी दहापर्यंत. त्याच्या पुढच्या सोमवारी वीस झाले आणि नळीत पाणी शिरलं. ठसका, नाकात झणझण, डोळ्यांपुढे काळोख. मी पायऱ्यांवर बसून रडले. पन्नाशीला आलेली बाई, सरकारी नोकरीतली, आणि नळीतलं चमचाभर पाणी.

"नळीत पाणी येणारच," मुलगी शेजारी बसून म्हणाली. "आलं की वर बगू नको. जोरात फुंकर मार. पाणी उडून जातं. चूल फुंकायचीस ना तू मामाकडं? तशी."

ते मात्र जमलं. फुंकणीनं ओली लाकडं पेटवलेली माणसं आम्ही, फुंकर माझी दांडगी. पहिल्याच वेळी नळीतलं पाणी हातभर वर उडालं, आणि पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मग तिनं ती गोष्ट सांगितली, जी ती सगळ्या शिकणाऱ्यांना सांगते. "दमलीस, घाबरलीस, तर हातपाय मारू नको. पालथी पड. अंग सैल सोड. फुंकर मार, श्वास घे. पाणी धरतं आपल्याला."

"पाणी धरतं म्हणूनच तर भ्या वाटतं," मी म्हटलं.

जानेवारी उजाडला तेव्हा मी गज न धरता तीन मिनिटं पालथी राहू शकत होते. भीती तशीच होती, फक्त तिच्याबरोबर पडून राहायची सवय झाली होती. दहा मिनिटं पूलमध्ये घे, असं मुलगी म्हणत होती. नदीचा हट्ट मी धरला. फरशी बघण्यात काय ठरणार, असं तिला म्हटलं, आणि मनात होतं ते वेगळंच. नदी माझी ओळखीची. तिथं माझा जीव थोडा तरी थाऱ्यावर राहील. आणि नको म्हणताना कुणी म्हणायला नको की हिनं खरं पाणी बघितलंच नाही.

आमच्या गावाखालून पेज नदी वाहते. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, कारण वरच्या पावरहाऊसमध्ये वीज करून झाली की ते पाणी नदीत सोडतात. सुटायच्या आधी भोंगा होतो. काठावर पाटी आहे, पाणी कधीही वाढू शकते, पात्रात उतरू नये. ती पाटी बाहेरच्यांसाठी, असं आम्ही सगळेच समजतो. आम्हाला नदीचं वेळापत्रक लग्न होऊन आल्यापासून तोंडपाठ. रविवारी कारखाने बंद, विजेची गरज कमी, म्हणून पाणी सुटतं ते जेवणं झाल्यावर. रविवारची सकाळ म्हणजे गोधड्या धुवायची सकाळ. अख्खा गाव हे असंच धरून चालतो.

"आई, पाटी वाच," मुलगी त्या रविवारी म्हणाली.

"तू जन्मायच्या आदीपासनं मी हितं धुणं धुतेय. मला शिकवू नको."

हे माझे शब्द. मी ते नंतर पुष्कळदा ऐकलेत.

माझी मोठी जाऊ दोन गोधड्या घेऊन दगडावर बसली होती. मला त्या कपड्यांत बघून तिनं तोंडाला पदर लावला. "काय गं बाई हे! बेडकी झालीस का काय?" मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. "जाऊ दे ना गं. पोरीला साद्या तोंडानं नाय म्हण की. त्यासाटी पाण्यात कशाला मरतेस?"

मी उतरले. डोहाच्या कडेला पाणी कमरेएवढं, मधे माणूसभर. मुलगी शेजारी होती. तिनं ठरवलं होतं की दर मिनिटाला माझ्या खांद्यावर एक थाप मारायची, कारण पाण्यात आवाज पोचत नाही. मी मास्क लावला, देवाचं नाव घेतलं आणि पालथी पडले.

आणि मला नदी दिसली. तीस वर्षं जिच्यात कपडे बडवले ती. तळाचे गोटे पिवळे, तपकिरी, त्यांच्यावर उन्हाच्या रेघा हलत होत्या. बोटाएवढे मासे माझ्या हाताशी येऊन थांबले, परत गेले. एका दगडाखाली कुणाचा तरी जुना साबणाचा डबा. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक कपारीत मला वाम दिसत होती, सापासारखी, नसलेली. एक थाप. दोन. तीन. चौथ्या थापेला मी रडत होते की मास्क गळत होता, कळत नव्हतं. पाच. पाचव्यानंतर तिनं माझा हात दाबला आणि वरच्या खडकाकडे बोट केलं. बापाला दाखवायला व्हिडिओ काढणार होती. हेही आमचं आधी ठरलेलं होतं. मी अंगठा वर केला. ती गेली.

भोंगा झाला तो मला ऐकू आला नाही. हे मला पुढे हजार वेळा वाटलंय, की तीस वर्षं ज्या आवाजाला माझे कान लागलेले, तो झाला तेव्हा माझे कान पाण्यात होते. त्या रविवारी सकाळी पाणी का सुटलं, कोण जाणे. कुठंतरी वीज लागली असेल. भोंगा त्यांनी वाजवला, पाटी त्यांनी लावलेलीच होती.

मला पहिल्यांदा दिसलं ते तळातल्या वाळूचं हलणं. वाळू, पानं, मग ते मासे, सगळे एकाच बाजूला चालले. मला वाटलं मी स्थिर आहे आणि जमीन सरकतेय. मग पायांना गार लागलं, डोंगरातल्या पाण्याचं गार, ते कमरेपर्यंत चढलं, आणि खालचे गोटे दिसेनासे झाले. मी डोकं वर काढलं. तोंडावर पाणी आपटलं, नळी भरली, दातांतून सुटली. आता भोंगा ऐकू आला, आणि त्याच्यावरून जावेची किंकाळी. काठ चालला होता. जावेचा दगड, गोधड्या, सगळं मागे पडत होतं.

मी आईनं शिकवलेलं केलं. मुंडी वर ताणली आणि काठाकडे हात मारले. पंधरा हात. माझ्याकडे तेवढेच होते आणि ते संपले, काठ होता तिथंच. पाय जड झाले. पाणी पोटात गेलं, परत गेलं. त्या वेळी माझ्या डोक्यात मुलगी नव्हती, देव नव्हता, नुसतं ते टाइप केलेलं वाक्य होतं आणि त्याखाली माझं वय.

मग मी नळी दातांत धरली आणि पालथी पडले. जगात कशालाही भ्यायले नसेन इतकी मी त्या एका क्षणाला भ्यायले. तोंड खाली करणं म्हणजे मी स्वतःलाच सोडून देतेय असं वाटलं. फुंकर मारली. पुरली नाही. अंगात होता नव्हता तो वारा घालून दुसरी मारली, आणि हवा आली. खर्रर्र. फुस्स. हात पसरले, पाय सोडले, हललेच नाही. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं. मी श्वास मोजत वाहत गेले. सोळा झाले होते तेव्हा खाली उताराशी, जिथे नदी पसरून उथळ होते, माझा गुडघा दगडाला लागला.

तेवढ्यात कुणीतरी मला कपड्याला धरून गर्रकन उलटं केलं. मी श्वास घेत होते तो अर्ध्यावर तुटला आणि घशात पाणी गेलं. मुलगी होती. काठाकाठानं दगडांवरून अनवाणी धावत येऊन तिनं उतारावर पाण्यात उडी घेतली होती, पाय फाटला होता. ती माझ्या गालावर चापटा मारत होती आणि "आई, आई" ओरडत होती. तो आवाज तिचा नव्हताच. पोरांना शिकवणारी ती, बेशुद्ध माणसाला कसं धरायचं याचं सर्टिफिकेट असलेली, तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"अगं जित्ती हाय मी," मी खोकत म्हटलं. "बरी होते मी. तूच बुडवलंस."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचा चेहरा बघितला आणि मग मला कळलं की काठावरून तिला काय दिसलं असेल. तिची आई, पालथी, हात पसरलेले, न हलता, सावकाश वाहत जाणारी. ती तिथं पाण्यातच बसली.

"मी नाय जात," ती म्हणाली. "मला नाय जायचं कुटं. मी नाय जात."

जिंकले मी. आठ मिनिटांतच जिंकले, ती नंतर म्हणाली की भोंगा झाला तेव्हा मोबाइलवर आठ झाली होती.

जावेनं ग्रामदेवीला नारळ फोडला. हे तिसऱ्या दिवशी म्हणाले, "झालं ना मनासारखं?" त्यात टोमणा नव्हता, तेही सुटल्यासारखेच दिसत होते. मुलीनं स्विमिंग पूलवर पाय बरा नाही असं कळवलं. पाय बरा झाला तरी गेली नाही. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला, मोठं पुस्तक आणलं, खिडकीशी बसून गणितं सोडवायला लागली. मला हवं होतं तसं, अगदी तसं. पोरगी घरात.

एके दिवशी ऑफिसात माझा फोन वाजला. साडेदहा वाजले होते.

"आई, पोचलीस ना?"

"पोचले. का गं?"

"काय नाय. जेवलीस का?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ समोरचा कागद नुसता धरून बसले. दुसऱ्या दिवशीही फोन आला. तिसऱ्या दिवशी मी स्कूटीवर होते, उचलला नाही, तर सहा वेळा आला. घरी गेले तेव्हा ती दारात उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मला बघून आत गेली. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. ही भीती मी वाढवलेली. मी तिला डब्याबरोबर, फोनबरोबर रोज थोडी थोडी दिली होती आणि ती घेत नव्हती, ढकलून देत होती. आता घेतली. तिच्या अंगावर ती बघवत नव्हती.

अंदमानवाल्यांना 'येत नाही' असं तिनं अजून कळवलं नव्हतं. निरोप लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. हे मी तिच्या मोबाइलमध्ये चोरून बघितलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली, घरी आले आणि तिला म्हटलं, "चल, पूलवर सोड मला."

"कशाला?"

"आठच मिनिटं झालीत. दोन राहिलीत."

"आई, नको. तू जिंकलीस. मी हरले. संपलं ते."

"माझं नाय संपलं."

तिनं सोडलं, कारण मी एकटी गेले असते हे तिला माहीत होतं. मी कपडे बदलून आले तेव्हा ती पाण्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घट्ट. मी पायऱ्या उतरले. पहिल्या दिवशीपेक्षा जास्त भीती वाटत होती. तेव्हा बुडेन असं नुसतं वाटत होतं, आता बुडणं माहीत होतं. मास्क लावताना पट्टा हातातून दोनदा सुटला. गज धरला आणि तो सुटेना. या वेळी बोटं सोडवायला कुणी येणार नव्हतं. मी उजव्या हातानं डाव्याची सोडवली, एकेक करून, मग उजवा नुसता ओढून घेतला, आणि पालथी पडले.

खाली फरशी होती, निळी, एक तडकलेली. ती सरकतेय असं वाटायला लागलं. सरकत नव्हती. पाय गार पडले. पाणी वाढत नव्हतं. प्रत्येक श्वासाला मला उठायचं होतं आणि प्रत्येक श्वासाला मी नाही उठले. मोजणं विसरले. किती झाली कळायला काही मार्ग नव्हता, आणि आधी वर आले तर सगळंच फुकट. मी पडून राहिले.

मग बाजूला पायरीवर दोन पावलं आली. एकाच्या टाचेवर लाल वण. ती पावलं तिथं कितीतरी वेळ थांबली. मग एक पायरी खाली, मग आणखी एक, आणि मग माझ्या खांद्यावर एक थाप बसली. हलकी, जेमतेम. नंतर पुष्कळ वेळानं दुसरी.

मी उभी राहिले, नळी काढली. बोलायला दम नव्हता. ती छातीभर पाण्यात माझ्यासमोर उभी होती, कपड्यांसकट.

"दहा झाली," ती म्हणाली. "म्हण आता, नको म्हण."

"जा," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "तुझी भीती गेली?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं. पण माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि ते तिला दिसत होतं.

"नाय गेली. तू तिकडं गेलीस की आणखी वाढंल. मी रोज फोन करीन, तू उचलशील तेव्हा उचल. पण ती माझी हाय गं. तू नको घेऊस. मला परत दे ती."

तिचा चेहरा आधी वेडावाकडा झाला, मग हळूहळू जागेवर आला. मग जवळ आली आणि माझ्या डोक्यामागे हात घालून, पीळ पडलेला मास्कचा पट्टा सरळ करायला लागली.